तीन सोडून कोणताही आकडा

मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन ट्रकाच्या फळीवर चढते. एकटा बाप्या असला की अर्धा कोयता. वसराम जवानीपासून पुरा कोयता होता. त्या साली दिवाळी झाली, तांड्यावरून टोळी निघायची वेळ आली, तेव्हा उत्तमसिंग मुकादम सेवालाल महाराजांच्या देवळापुढं उभा राहून बोटांवर मोजत म्हणाला, "संतोष आन त्याची बायको, एक. वसराम, अर्धा. तुमच्या घरचा दीड कोयता."

बाजूची दोन-चार पोरं हसली. वसरामनं कोयत्याला फडकं गुंडाळलं आणि ट्रकात चढला. त्याची बायको रूपाबाई भादव्यात तापानं गेली होती. ट्रकात ती नेहमी केबिनच्या मागच्या कोपऱ्यात बसायची, वारा लागू नये म्हणून. त्या कोपऱ्यात आता शेळी बांधलेली होती.

टोळी वारंगा फाट्याच्या अलीकडे कॅनॉलच्या कडेला उतरली. पाचटाच्या, उसाच्या वाळल्या पानांच्या, कोप्या उभ्या राहिल्या. वसरामचा मुलगा संतोष आणि त्याची बायको पुजा एका कोपीत, शेजारच्या कोपीत वसराम आणि कबरी शेळी. मधे पाचटाची एक भिंत, तिच्यातून शेजारचं खोकणं, भाकरी थापणं, सगळं ऐकू यायचं.

पुजाचं लग्न होऊन दोन वर्षं होत आली होती. तेवढ्या दिवसांत ती सासऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तांड्याची रीतच तशी. सून सासऱ्यापुढं पदर ओढून उभी राहते, तोंड उघडत नाही. त्याची अडचण कधी कुणाला झाली नाही, कारण मधे रूपाबाई होती. सुनेनं तिच्या कानात सांगायचं, तिनं मोठ्यानं सांगायचं. रूपाबाई गेली आणि घरातली बोलायची वाटच बंद झाली. संतोष असला तर त्याच्या तोंडून चालायचं. तो नसला की शेळी.

"कबरे, चहा झाला म्हणावं. निवून जाईल," पुजा पदराआडून म्हणायची.

वसराम शेळीकडं बघून म्हणायचा, "आन म्हणावं. साखर कमी टाक म्हणावं. दिवसभर उसातच तं असतो."

एकदा संतोषनं हे ऐकलं आणि त्याला हसू आवरेना. "बा, या शेळीला आता दहावीला बसवा. समदं कळाया लागलं तिला."

हसता हसता तो एकदम गप्प झाला. पुजाही आत सरकली. वसरामला वाटलं, काहीतरी आहे.

काही दिवसांनी त्याला पाचटाच्या भिंतीतून ऐकू यायला लागलं. दिवेलागणीला चुलीपुढं बसून पुजा हळू आवाजात म्हणायची, "एक्स वर्ग वजा नऊ, भागिले एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा." मग थांबायची आणि पुन्हा तेच. वसरामला वाटलं, माहेरच्या कुण्या देवाचं असेल. ऐकायला बरं वाटायचं. एकटेपणात तेवढा एक आवाज होता.

सकाळी फडात जाता जाता त्यानं संतोषला विचारलं, "ती सांजच्याला काय म्हणून राहिली रे? देवाचं का?"

"देवाचं न्हाई बा. गणिताचं. बीजगणित."

"ते आनि कशाला?"

संतोष कोयत्याची धार अंगठ्यानं बघत राहिला. मग म्हणाला, "आपल्या तांड्याला अंगणवाडी मंजूर झाली. बाई तांड्यातलीच पाहिजे आन दहावी पास पाहिजे. हिचं समदं निघालं, एक गणित राहिलं. भूमिती जमती, बीजगणितात मार खाती. मार्चात परीक्षा हाय गोरेगावला. पास झाली तं ती जागा तिला भेटू शकती. मग पुढच्या साली फडात यायचं काम न्हाई, घराला कुलूप लागणार न्हाई."

"कवा ठरलं हे?"

"याडीनंच फॉर्म भरायला लावला. जायच्या आधी." याडी म्हणजे त्याची आई, रूपाबाई.

वसराम चालता चालता थांबला. "मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी न्हाई म्हणले असते."

ते खरं होतं. पण त्या दिवशी ऊस तोडताना वसरामच्या डोक्यात तेवढंच फिरत राहिलं. म्हणजे रूपाबाई या पोरीसाठी त्याच्याशी एक भांडण करणार होती आणि ते करायचं राहून गेलं होतं.

दुपार कलली. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधून झाल्या. ट्रक येऊन उभा राहिला. बायका डोक्यावर चुंबळ ठेवून मोळ्या घ्यायला लागल्या. वसरामनं कोयता खाली ठेवला, कोपीत जाऊन ट्रंकेतून रूपाबाईची चुंबळ काढली, जुन्या लुगड्याची, मधे दबून चपटी झालेली. ती डोक्यावर ठेवून तो पुजाच्या मोळीपाशी आला. आसपास शेळी नव्हती. तो उसाकडं बघून म्हणाला, "उजेड हाय तवर अभ्यास करावा म्हणावं. मोळ्या मी टाकतो."

पुजा जागची हलली नाही. मग पदर सावरून मान खाली घालून कोपीकडं गेली.

मोळी उचलायला संतोषनं हात दिला. वसरामनं जन्मभर ऊस तोडला होता, पण तो डोक्यावर कधी घेतला नव्हता. ते बाईचं काम. मोळी डोक्यावर आली आणि मान खांद्यात रुतल्यासारखी झाली. चार पावलं टाकली तोवर पोटऱ्या थरथरायला लागल्या. फळी अरुंद, पायाखाली लवत होती. वर चढताना उसाची टोकं एका अंगाला झुकली की सगळं अंग तिकडं ओढलं जायचं. ट्रकावरच्या पोरानं मोळी ओढून घेतली तेव्हा वसरामच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

"वसराम बाई झाली रे!" खालून कुणीतरी ओरडलं.

"लुगडं आणा लुगडं!" उत्तमसिंग म्हणाला.

सगळी टोळी हसली. वसराम फळीवरून उतरला आणि दुसऱ्या मोळीकडं गेला. मान दुखत होती. त्याच्या मनात आलं, रूपाबाई दिवसातून किती वेळा चढत होती ही फळी? आणि खाली आली की लगेच म्हणायची, भाकर खाल्ली का. संतोष पोटात होता तेव्हाही ती चढली होती. तो खालून फक्त म्हणायचा, बिगीबिगी कर.

त्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. रोज दुपारच्या पुढच्या मोळ्या वसरामच्या. पुजा कोपीच्या दारात मांडीवर पाटी घेऊन बसायची.

फडाजवळ एका बाभळीखाली साखरशाळा भरायची, टोळीतल्या लेकरांसाठी. रवींद्र नावाचे तरुण सर सायकलवर यायचे. नरसीकडचे, अंगात पांढरा सदरा, खिशात दोन पेन. लेकरं सुटली की ते पुजाचं गणित बघायचे. पुजा सरांपुढं बसायची, वसरामकडं पाठ करून. वसराम बांधावर तंबाखू मळत बसायचा. सुनेकडं बघायचं नाही आणि ऐकल्याशिवाय राहवत नाही, असं त्याचं होई.

सरांनी पाटीवर तेच गणित मांडलं. वर एक लांब ओळ, मधे रेघ, खाली त्याहून लांब ओळ. पुजानं पाटी ओढली आणि खडूनं वरचा एक्स वर्ग खोडला, खालचा एक्स वर्ग खोडला, सटासट.

सर हसले. "पुजाताई, हा काय ऊस आहे का? बुडखा एक घाव, शेंडा एक घाव?"

पुजाला ते लागलं. तिचा हात तसाच थांबला. "वर बी एक्स वर्ग हाय, खाली बी एक्स वर्ग हाय. सारखं हाय तं तोडायचं न्हाई का?"

"तोडायचं. पण असं नाही. तुमच्या उत्तरात एक्सच्या जागी सात घाला. एकाचा तिसरा हिस्साही येत नाही. आणि मूळ गणितात सात घाला, येतात दोन. म्हणजे गणित बदलून गेलं. वजा-अधिकनं जे एकमेकांना धरून आहे, त्यातलं एकटंच काढता येत नाही. आधी अवयव पाडायचे. गुणाकारात आणायचं. मग काढायचं."

"पण काहून?" पुजा म्हणाली. "सारखंच तं हाय."

सरांनी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा मान हलवली, पण वसरामला तिच्या पाठीवरून कळलं की तिला समजलेलं नाही. बांधावर बसून त्यालाही समजलं नव्हतं. सारखं ते सारखं. वरून घाव, खालून घाव, हीच तर त्यांच्या हाताची सवय. ऊस हातात आला की हात विचारायला थांबत नाही.

माघ सरत आला. ऊन चढायला लागलं. पाचटाची कुसळं अंगाला टोचायची, मनगटावर पानांचे ओरखडे पडून त्यांत घाम झोंबायचा. एका दुपारी वसरामचा जीव फारच मेटाकुटीला आला होता. संतोषनं बांधलेली मोळी नेहमीपेक्षा जड होती. कुणी बघत नाही असं पाहून वसराम खाली बसला आणि हलकी करावी म्हणून मोळीतला एक जाडजूड ऊस धरून ओढला. तो निघेना. त्यानं पाय लावून हिसडा दिला. ऊस निघाला आणि त्याबरोबर बंध ढिला झाला. डोक्यावर घ्यायला गेला तोच मोळी सुटली. ऊस खांद्यांवरून, पाठीवरून घसरत चारी अंगाला पसरले आणि वसराम मधे बसकण मारून राहिला.

टोळीला हसायला कारणच पाहिजे होतं. शेजारच्या कोयत्यातली चांगुणा पोट धरून हसत म्हणाली, "आवो दाजी, बांधलेल्या मोळीतून ऊस उपसतात व्हय कुठं? एखादी बाई करन का असं? न्यायची तं अख्खी मोळी न्यायची, न्हाई तं ठिवून द्यायची!"

वसरामनं मान वर केली. कोपीच्या दारात पुजा उभी राहिली होती. तिच्या हातातली पाटी खाली लोंबत होती. पदर कपाळावरून मागं सरकला होता आणि ते तिच्या ध्यानात नव्हतं. ती हसत नव्हती. ती त्या पसरलेल्या उसाकडं बघत होती, जसं काही तिथं कुणी उभं आहे.

मग ती धावतच आली. तिनं सासऱ्याकडं बघितलंही नाही. ऊस गोळा केले आणि वाड्याच्या, उसाच्या हिरव्या शेंड्याच्या, पात्यांनी बांधले, एकीच्या दोन मोळ्या केल्या. त्या शेजारी शेजारी ठेवल्या. खाली तिथल्याच अजून दोन ठेवल्या. मधे कोयत्याच्या टोकानं जमिनीवर एक आडवी रेघ ओढली. आणि वाकून वरची एक मोळी बाजूला टाकली, खालची एक मोळी बाजूला टाकली.

"हिला काय झालं रे?" चांगुणानं विचारलं.

संतोष म्हणाला, "गणित."

सर संध्याकाळी आले तेव्हा पुजा त्यांची वाटच बघत होती. तिला बोलायची घाई झाली होती. "सर, कंस म्हंजी मोळी. आत अधिक असू द्या, वजा असू द्या, ते बांधलेलं हाय. त्यातला एकला ऊस उपसला तं मोळीच सुटती. मी तेच करत होते. आधी पसरलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, म्हंजी अवयव. मग वर-खाली सारखी मोळी सापडली तं अख्खी उचलायची. अख्खीच."

"बरोबर," सर म्हणाले. "करून दाखवा."

वसराम बांधावरून उठून जवळ येऊन बसला. आज त्याला राहवलं नाही. पुजानं पदर ओढला, पण उठली नाही. तिनं पाटीवर लिहायला सुरुवात केली आणि लिहिताना मोठ्यानं बोलत गेली.

"एक्स वर्ग वजा नऊ. याच्या दोन मोळ्या. एक्स वजा तीन, एक्स अधिक तीन. खालचं, एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा. असे दोन आकडे पाहिजेत, गुणले तं सहा, मिळवले तं पाच. दोन आन तीन. म्हंजी एक्स वजा दोन, एक्स वजा तीन. आता वर बी एक्स वजा तीनची मोळी, खाली बी तीच." तिनं दोन्ही कंसांवर तिरपी रेघ मारली. "राहिलं एक्स अधिक तीन, भागिले एक्स वजा दोन."

वसरामनं पाटी बघितली. आधी ती काठोकाठ भरलेली होती. आता खाली एक एवढंसं काही उरलं होतं, लेकराच्या मुठीत मावेल एवढं.

"मास्तर," तो म्हणाला, "आन हे त्याच्याबराबर हाय? त्या मोठ्याच्या?"

"तेवढंच. कमी नाही, जास्त नाही. तुम्ही एक आकडा सांगा काका. कोणताही."

वसरामनं आपलं काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं. "सात."

पुजाची बोटं भराभर चालली. "साती साती एकोणपन्नास, नऊ गेले, चाळीस. खाली एकोणपन्नासातून पस्तीस गेले, चौदा, अधिक सहा, वीस. चाळीस भागिले वीस, दोन. आता बारकं. सात अधिक तीन, दहा. सातातून दोन गेले, पाच. दहा भागिले पाच. दोन."

वसरामनं तंबाखू थुंकला. "बारा," तो म्हणाला. त्याला वाटलं, बारा अडकेल.

"बारे बारे एकशे चव्वेचाळीस, नऊ गेले, एकशे पस्तीस. खाली नव्वद. दीड. आन बारकं, पंधरा भागिले दहा." तिनं पाटीवर आकडा मांडला. "दीड."

कॅनॉलवरून वारा येत होता. वसराम पाटीकडं बघतच राहिला. त्यानं आयुष्यभर एवढंच पाहिलं होतं की जे गेलं ते गेलं. फडातून ऊस गेला की रान उघडं पडतं. घरातून माणूस गेलं की घर तेवढं राहत नाही. आणि इथं अर्ध्याहून जास्त काढून टाकलं होतं आणि कमी काहीच झालं नव्हतं. कोणताही आकडा घ्या म्हणत होते. म्हणजे त्यानं न सांगितलेले आकडेसुद्धा, तांड्यावर कुणी कधी मोजलेही नसतील असले, सगळे आत्ताच बरोबर येऊन बसलेले होते. त्याला एकदा नरसीला देवळात गेल्यावर वाटलं होतं तसं वाटलं, आपण इथं पायात चपला घालून तर नाही ना बसलो.

"कुणी काढलं हे?" त्यानं विचारलं.

"कुणी म्हणजे, काका? लय जुनं आहे. कुण्या एकाचं नाही."

"आमाला कुणी सांगितलं न्हाई," वसराम म्हणाला.

परीक्षा जवळ आली. वसराम उत्तमसिंगकडं गेला. मुकादम ट्रकाच्या बोनेटला टेकून बिडी ओढत होता.

"सुनेला सोडावं लागतं. गोरेगावला जायचं, दोन पेपर हायत."

"ऊस काय पास-नापास बघून थांबतो का रे वसराम? अर्धा कोयता गेला की ट्रक भरत न्हाई."

"मी मोळ्या टाकूनच राहिलो ना रोज."

"तू टाकतो आन निम्म्या रस्त्यात सोडतो!" उत्तमसिंग हसला. मग बिडी टाकून म्हणाला, "बरं, पोरीला एकलं कसं धाडणार? संतोषला मी सोडणार न्हाई. तू जा संगं. तू असल्या-नसल्यानं ट्रकाला काय फरक पडत न्हाई."

वसरामनं ते गिळलं. पण मोळ्यांचं काय, ते राहिलंच होतं. चांगुणा पाण्याची घागर घेऊन चालली होती, ती तिथंच थांबली. "संतोषच्या मोळ्या आमी बाया घेऊ वाटून. माझ्या बाळंतपणाला रूपानं घेतल्या व्हत्या माझ्या. मुकादम, तुमचा ट्रक भरंल."

उत्तमसिंगनं हात झटकला. म्हणजे जा.

फाट्यापर्यंत ट्रक, तिथून एसटी हिंगोली, मग सेनगाव, पुढं जीप. सासरा पुढच्या सीटवर, सून मागच्या. कंडक्टर आला, म्हणाला, "या बाईसंगं कोण हाय?" वसराम म्हणाला, "मी." कंडक्टरनं पुजाला विचारलं, "हे कोण तुमचे?" पुजानं पदर अजून खाली ओढला. "बाई मुकी हाय का तुमची?" कंडक्टरनं वसरामला विचारलं. शेजारची म्हातारी हसली. "मुकी न्हाई बाबा, तांड्याची सून हाय. दोन तिकिटं फाड आन हो पुढं." वसरामला वाटलं, कबरीला आणायला पाहिजे होतं.

पुजाचं माहेर गोरेगावजवळच्या तांड्यावर. रात्र तिथं काढली. सकाळी तिला शाळेच्या फाटकात सोडून वसराम रस्त्यापलीकडं लिंबाखाली बसला. अशी शेकड्यानं पोरं आत जाताना त्यानं कधी बघितली नव्हती. घंटा झाली आणि सगळं आवार गप्प झालं. एवढी माणसं आत असून एवढी शांतता. ऊन सरकेल तसा वसराम सरकत राहिला. पाणी प्यायलाही उठला नाही. आपण उठलो तर तिचं काही चुकेल असं त्याला वाटत होतं.

पेपर सुटला. पुजा बाहेर आली. पदरामुळं चेहरा दिसेना. पोरं एकमेकांना उत्तरं विचारत ओरडत होती आणि हे दोघं समोरासमोर उभे. विचारायचं कसं? वसराम लिंबाच्या खोडाकडं वळला. "कसा गेला म्हणावं?"

पुजानं पदराआडून नुसती मान हलवली. ती मान हो म्हणत होती की कोण जाणे म्हणत होती, ते त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी भूमिती झाली आणि ते परतीच्या गाडीला बसले. सेनगाव मागं पडलं. काहीतरी करायचं म्हणून वसराम मनात ते गणित घोळवायला लागला. फडात मोळ्या टाकताना त्यानं बरेच आकडे लावून बघितले होते. मोठ्यात लावायचा, बारक्यात लावायचा, दोन्ही सारखे. प्रत्येक वेळी त्याच्या अंगावर काटा यायचा. आज त्यानं तीन घेतला. त्या दीड कोयत्यात माणसं तीन, म्हणून तीन. तीन त्रिक नऊ, नऊ गेले, शून्य. खाली नवातून पंधरा गेले, वजा सहा, त्यात सहा मिळवले. शून्य. शून्य भागिले शून्य. त्याला काही सुचेना. मग बारकं. तीन अधिक तीन सहा. तिनातून दोन गेले, एक. सहा.

वसरामनं पुन्हा केलं. वर काहीच नाही, खाली काहीच नाही, आणि बारक्यात सहा. जमलं नाही. एका आकड्याला ते सारखं नव्हतं.

त्यानं मागं वळून बघितलं. पुजा खिडकीला डोकं टेकून झोपली होती. म्हणजे सगळंच चुकलं होतं? सरांनी चुकीचं शिकवलं? पोरीनं तसंच लिहून ठेवलं पेपरात? कुणाला सांगायचं? सरांना सांगावं तर वाटेल, अडाणी माणूस काय बोलतो. तिला सांगावं तर बोलता येत नाही, आणि आलं असतं तरी काय बोलला असता? पेपर तर देऊन झाला होता. त्यानं तो तीन आपल्याजवळच ठेवला.

होळी झाली. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपून कारखाना बंद झाला, टोळी तांड्यावर परतली. लेंगीची गाणी गाताना, घर शाकारताना, रानात काट्या वेचताना तो आकडा त्याच्या मनातून गेला नाही. रात्री कूस बदलताना वाटायचं, रूपानं भरायला लावलेला फॉर्म, आणि आपल्या डोळ्यांदेखत तीन आला.

जूनात निकाल लागला. संतोष गोरेगावला गेला आणि दिवस कलताना सायकल दामटत परत आला. तांड्याच्या तोंडापासूनच ओरडत आला, "पास! पास झाली!" गणितात काठावरच, पण पास. बाया गोळा झाल्या. कुणी गूळ आणला. संतोष सगळ्यांना गुणपत्रिका दाखवत फिरत होता, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं ते ती हातात धरून जास्तच वेळ बघत होते.

गर्दी पांगली. वसराम ओट्यावर बसला होता. पुजा दारात आली. तिनं वाकून त्याच्या पायांना हात लावला. वसरामनं इकडं तिकडं बघितलं. संतोष गूळ वाटायला गेला होता, शेळी रानात होती. दोघांशिवाय कुणीच नव्हतं.

"बा," पुजा म्हणाली. "पास झाले मी."

वसरामला त्या शब्दाचं काय करावं ते कळेना. तो तिच्याकडं बघायचं टाळून समोरच्या चिंचेकडं बघत राहिला. मग एकदम म्हणाला, "पोरी, एक विचारू का? रागावू नको. ते मोठं आन बारकं, कोणता बी आकडा घ्या म्हणत होते सर. मी तीन घेतला. एसटीत. जमलं न्हाई. मोठ्यात शून्यावर शून्य आन बारक्यात सहा. तवापासून मी भेवून राहिलो."

पुजानं पदराखालून त्याच्याकडं बघितलं. मग ती हळूच खाली बसली, ओट्याच्या कडेला.

"तुमी केलं ते बराबर हाय, बा. तीन चालतच न्हाई तिथं."

"मग कोणता बी आकडा काहून म्हणले?"

"तीन सोडून म्हणायला पाहिजे होतं. तसं दोन बी न्हाई चालत, पण दोनाचं बारक्यात दिसतं. खाली शून्य येतं, म्हंजी कळतं. तिनाचं दिसत न्हाई." तिनं ओट्यावरच्या धुळीत बोटानं लिहिलं. "आपण जी मोळी काढली ना, एक्स वजा तीनची. एक्स तीन असला तं ती शून्य होती. शून्यानं भागता येत न्हाई कुणाला. आता ती मोळी काढून टाकली, बारकं उरलं. बारक्याकडं बघून कुणाला वाटायचं बी न्हाई की इथं काही व्हतं. पण ती व्हती. म्हणून तीन अजून बी घालता येत न्हाई."

वसराम धुळीकडं बघत होता. "काढली तरी?"

"काढली तरी. म्हणून उत्तराच्या पुढं लिहायचं असतं." तिनं एक्स काढला, बाजूला दोन आडव्या रेघा, त्यांवर एक तिरपी काट, आणि तीन. "एक्स तिनाबराबर न्हाई. मी पेपरात लिहिलं व्हतं. सर म्हणले, न लिहिलं तरी मार्क कापत न्हाईत. बरीच पोरं न्हाई लिहीत."

वसराम त्या खुणेकडं पुष्कळ वेळ बघत राहिला. बराबरच्या दोन रेघा आणि त्यांवरची ती तिरपी काट. चिंचेखालून वारा आला तसा त्यानं दोन्ही हात आडवे धरले, धुळीतलं पुसू नये म्हणून.

"लिहीत जाय पोरी," तो म्हणाला. "मार्क न्हाई भेटले तरी लिहीत जाय."